जुन्या ट्रकचा कॅम्पर करायचाय, बचत मोडू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की काकांकडून 1952 चा ट्रक फुकट मिळालाय, इंजिन चालू आहे, त्याच्या मागे स्वतःच्या हाताने छोटं घर बांधून सुट्ट्यांमध्ये फिरायचंय आणि त्यासाठी बचतीतले 40 टक्के काढू का. सरळच सांगतो, ट्रक ठेवा, कॅम्पर पण करा, पण 40 टक्के नाही आणि तुम्ही म्हणताय त्या पद्धतीने तर नाहीच.

आधी ते "फुकट" बघू. ट्रकला पैसे पडले नाहीत म्हणून तुमच्या यादीत बेड, ओटा, सोलर, लाकूडकाम सगळं आहे आणि ब्रेकसमोर चक्क शून्य! अहो, त्या काळच्या गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक असायचे आणि हायड्रॉलिक असले तरी सर्किट बहुतेक एकच, म्हणजे कुठेतरी एका जागी ऑईल गळलं की चारही चाकांचे ब्रेक एकदम गेले. वायरिंग बहुधा 6 व्होल्टचं असेल, तुमचा फ्रिज आणि दिवे 12 वर चालणार, म्हणजे तेही बदलणं आलं. टायरवर जो तारखेचा कोड असतो तो बघा, चार आकडे असतील तर पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष, आणि तीनच आकडे निघाले तर तो टायर 2000 सालाच्या आधीचा आहे, मग नक्षी कितीही कोरी दिसो, काढून टाका. माझ्या हिशेबाने बजेटचे शंभर भाग केले तर 45 ब्रेक, पाटे (म्हणजे चाकांवरचे पट्ट्यांचे स्प्रिंग), टायर, वायरिंगला, 35 खोलीला आणि 20 हात न लावता बाजूला, कारण जुना पत्रा उघडला की आत गंज निघतोच.

आता तुमच्या प्लॅनमधली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट, केबिनची मागची भिंत कापून आतूनच ये-जा करायची. नका करू. जुन्या गाडीला गिऱ्हाईक मिळतं ते ती मूळ रूपात असते म्हणून, आणि घरी बांधलेला कॅम्पर तुमच्या उंचीचा, तुमच्या आवडीचा, विकायला गेलं की त्याचे मजुरीचे पैसे कोणी देत नाही. म्हणजे एका कापाकापीत दोन्हीकडून नुकसान. त्यापेक्षा खोली वेगळी बांधा, हौद्यावर बोल्टने बसणारी, जॅक लावून उतरवता येईल अशी. उद्या हौस फिटली तर खोली वेगळी विका, ट्रक वेगळा. शिवाय बॉडीचा प्रकार कायमचा बदलला की नोंदणी आणि विमा दोन्हीत भानगडी होऊ शकतात, आणि विंटेज गाडीच्या पॉलिसीत वापरावर अनेकदा मर्यादा असते, तेव्हा त्यात झोपलेलं आणि लांब फिरलेलं चालेल का हे लाकूड आणायच्या आधी लेखी विचारून घ्या.

वजनाचा पण पैशाशी संबंध आहे, लोक विसरतात. 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो, 18 मिमी प्लायची 8 बाय 4 ची एक शीट 30 किलोच्या पुढे, अशा दहा लागल्या तर बघा! लीड-ॲसिड बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरायची असते, लिथियम आयर्न फॉस्फेट महाग पण बरीच हलकी आणि जवळजवळ सगळी वापरता येते, इथे मी महागडी घ्या म्हणेन. वजन वाढलं की इंधन, पाटे, ब्रेक सगळं जास्त खातं.

राहिली बचत. 8 टक्क्याने पैसा साधारण 9 वर्षांत दुप्पट होतो, म्हणजे आज काढलेले 40 तेव्हाचे 80 असतात. माझी मर्यादा 15 टक्के, बाकीचं काम दर महिन्याच्या कमाईतून हळूहळू, दोन वर्षं लागली तरी लागू देत. इमर्जन्सी फंड तीन महिन्यांचा आहे म्हणता, तो आधी सहा करा. आणि वर्षाला 25 रात्री धरल्यात तर पाच वर्षांच्या 125 होतात, एकूण खर्चाला त्याने भागा आणि भाड्याच्या कॅम्परशी ताडून बघा. तसा आठवडाभर एखादा भाड्याने घेऊन बघाच, घरच्यांना आवडतंय का तेही कळेल (माझी जुनी मोटारसायकल चार वर्षं कव्हरखाली उभी आहे, त्यामुळे मी फार बोलू नये).

सध्या एकच काम करा, रिकामा ट्रक वजनकाट्यावर न्या, पुढच्या आणि मागच्या चाकांचं वजन वेगवेगळं घ्या आणि ते आकडे मला पाठवा, मग खोलीचं बजेट बसवू.