मंत्रिपदावरचा आंदोलक

प्रश्न : आमच्या सड्यावरील, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारावरील, चिरेखाणींविरुद्ध जे कार्यकर्ते आमच्याबरोबर उन्हातान्हात धरणे धरून बसले, तेच आमदार झाल्यावर रोजगाराचे कारण देऊन खाणींची पाठराखण करतात. आमची फसवणूक झाली का?
– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : आपली निराशा रास्त आहे आणि ती गिळून टाकू नये. ऑस्ट्रेलियातील ‘मिडनाइट ऑइल’ या वाद्यवृंदाचे गायक पीटर गॅरेट हे युरेनियम खाणींचे कडवे विरोधक. परंतु पर्यावरणमंत्री झाल्यावर २००९ मध्ये त्यांनीच फोर माइल युरेनियम खाणीला मंजुरी दिली. त्याच वर्षी क्वीन्सलंडमधील ट्रॅव्हस्टन धरणाला मात्र त्यांनी नकार दिला. पदावरचा माणूस पक्षाच्या धोरणाने बांधला जातो हे खरे, तरी त्याच्या हाती काहीच उरत नाही असे नव्हे. म्हणूनच ‘माझा नाइलाज होता’ हे उत्तर मला पटत नाही.

तडजोड कशावर झाली, ते पाहावे. मोबदला, मुदत, रस्ता यांबाबत देवाणघेवाण होऊ शकते. जांभ्याचा सडा मात्र पावसाचे पाणी मुरवतो, त्यावर पायथ्याचे झरे आणि विहिरी जगतात, आणि चिरे कापून ट्रकमधून गेलेला कातळ आपल्या हयातीत पुन्हा घडत नाही. आपल्या आमदारांना हे ठाऊक नाही असे कसे म्हणावे? त्यांना ग्रामसभेला बोलवावे, त्यांच्या सहीची जुनी निवेदने समोर ठेवावीत आणि मत का बदलले याचे लेखी उत्तर मागावे. ते आले नाहीत, तरी ठराव इतिवृत्तात नोंदवून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा.