अ‍ॅड्रिनलची गाठ काढली तरी आईची छाती धडधडते, काय करावं?

फिओक्रोमोसायटोमाची गाठ (अ‍ॅड्रिनल म्हणजे किडनीवरच्या ग्रंथीत होणारी) रक्तात अ‍ॅड्रिनलिनसारखी हार्मोन्स सोडत असते आणि त्याचा मारा हृदयाच्या स्नायूवर झालेला असतो, त्यामुळं गाठ गेली तरी ठोके लगेच लायनीवर येतीलच असं नाही. शिवाय ऑपरेशननंतर बीपी, साखर एकदम उतरू शकते, पोटॅशियम कमी पडलं तरी धडधडतंय. धडधड चालू असतानाच ईसीजी काढा, थांबल्यावर नॉर्मल येऊ शकतो. येत-जात असेल तर २४ तासांचं होल्टर (अंगावर लावून ठोके नोंदवणारं यंत्र) लावायचं का विचारा. बीटा ब्लॉकर (ठोके कमी करणारी गोळी) मात्र मेडिकलमधनं स्वतःहून आणून देऊ नका, गाठीचा अंश राहिला असेल आणि आधी अल्फा ब्लॉकर (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) चालू नसेल तर बीपी भडकतं. मेटानेफ्रिनची टेस्ट (गाठीचा अंश राहिलाय का ते कळायला) परत झालीय का बघा. आणि चक्कर, छातीत दुखणं असलं काही झालं तर सकाळची वाट बघू नका, सरळ सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी हॉस्पिटलला) न्या.