युरोपियम घातलेली काच दुसऱ्यांदा तापवली की पांढरी का पडते?

तुम्ही विचारलंय की सिलिकेट काचेत कॅल्शियम फ्लोराइड आणि युरोपियम (लाल चमक देणारं मूलद्रव्य) घालून ओतली तर आरपार दिसणारी झाली, पण ग्लास-सिरॅमिक (आत बारीक स्फटिक धरलेली काच) करायला ७५० अंशाला रात्रभर ठेवली तर दुधासारखी झाली. नांदेडला एमएस्सीच्या प्रोजेक्टला मीपण हेच केलं आणि माझे पहिले तीन तुकडे असेच गेले, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कढवलेलं तूप हळूहळू निवलं की कणी धरतं ना, तसंच आहे हे. काचेत फ्लोराइडची कणी, म्हणजे बारीक स्फटिक, धरायलाच पाहिजे, ती नाही धरली तर नुसती काच, पण कणी २०-३० नॅनोमीटरच्या आत राहिली तरच आरपार दिसतं, त्याच्या फार वर गेली की उजेड विखुरतो. तुमची कणी रात्रभरात वाढत गेली. आधी डीएससी (तापवताना नमुना किती उष्णता घेतो-सोडतो त्याचा ग्राफ काढणारी चाचणी) करून घ्या, काच मऊ पडायचं तापमान आणि स्फटिक धरायचं पहिलं शिखर बघा, त्या शिखराच्या थोडं खालीच ठेवा, आणि एकाच ओतीचे तुकडे दोन तास, चार तास, आठ तास असे वेगवेगळे काढा. रात्रभर नकोच.

दुसरं, १४०० अंशाला वितळवताना झाकण लावताय का? उघडं ठेवलं तर फ्लोरिन उडून जातं, मग कणी धरायला काही उरतच नाही, आणि ती वाफ फार वाईट असते, फ्यूम हूडशिवाय (वाफ बाहेर ओढणाऱ्या कपाटाशिवाय) भट्टी लावू नका, हे मनापासून सांगतोय. ॲल्युमिनाची क्रुसिबल (वितळवायची मूस) असेल तर तीपण थोडी खाल्ली जाते, तेवढं ॲल्युमिना काचेत जातं, हिशोबात धरा. ओतायची पितळी प्लेट आधी गरम करा नाहीतर काच तडकते, आणि ओतल्यावर लगेच ॲनीलिंगला (गरम भट्टीत सावकाश निववायला) टाका. आमच्याकडं मधीच लाईट जायची तेव्हा हीच पायरी बोंबलायची.

युरोपियम खरंच कणीत गेलं का हे डोळ्यांनी कळत नाही, ३९५ नॅनोमीटरच्या टॉर्चखाली साधी काच आणि कणी धरलेली काच दोन्ही लालच दिसतात. स्पेक्ट्रम (कुठल्या तरंगलांबीला किती उजेड येतो त्याचा आलेख) घ्या. ६१२ नॅनोमीटरची रेघ ५९२ च्या मानानं कमी झाली म्हणजे युरोपियमच्या आयनला जास्त सुडौल (सममित) जागा मिळाली, गेलं ते कणीत. नुसता लाल उजेड पाहिजे असेल तर युरोपियमला साधी काचपण चालते, खरा फरक एर्बियम-इटर्बियम या युरोपियमच्याच जातीच्या मूलद्रव्यांमध्ये, ९८० नॅनोमीटरच्या (डोळ्यांना न दिसणाऱ्या) लेसरवर हिरवा उजेड काढायचा असला की. सिलिकेटची जाळी फार थरथरते आणि ऊर्जा उष्णतेत जाते, फ्लोराइडमध्ये ती वाचते. १९९३ ला वांग आणि ओहवाकी या संशोधकांनी अशीच पारदर्शक ग्लास-सिरॅमिक दाखवली होती, पण त्यात शिसं आणि कॅडमियम होतं, त्या वाटेला जाऊ नका, कॅल्शियमच बरं.

डीएससीचा ग्राफ आला की ती दोन तापमानं मला कळवा, किती अंशाला किती तास ते मिळून ठरवू.