टॉवर नसलेल्या छोट्या विमानतळावर प्रवासी विमान कसं उतरवतात?

छोट्या विमानतळावर, त्यातही टॉवर, म्हणजे विमानांना रेडिओवरून सूचना देणारा नियंत्रण कक्ष नसेल तर, पायलट नेमकं काय वेगळं करतो असं तुम्ही विचारलंय. मी एटीआर ७२ हे पंख्यांचं (टर्बोप्रॉप) प्रवासी विमान उडवतो, त्यामुळे असे विमानतळ माझ्या वाट्याला बरेच येतात.

पहिला हिशोब धावपट्टीचा, आणि तो निघण्याआधीच झालेला असतो. पट्टी १,५०० मीटर असली तरी ती सगळी आमची नसते. टर्बोप्रॉपला नियमाने ७० टक्क्यांत, म्हणजे १,०५० मीटरमध्ये थांबता आलं पाहिजे. पट्टी ओली असेल तर ९००च्या आसपासच धरायचे. जेटला याहून कमी, ६० टक्केच. आकडा बसत नसेल तर वजन कमी करा, नाहीतर जाऊ नका.

टॉवर नसेल तर ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर आपणच सांगत राहायचं: मी कोण, कुठे आहे, काय करणार आहे. पण ऐकायला कुणी असेलच असं नाही. रेडिओ नसलेलं एखादं छोटं विमानही तिथे फिरत असू शकतं आणि ट्रान्सपॉन्डर (विमानाची जागा आपोआप कळवणारं यंत्र) नसेल तर ते आमच्या स्क्रीनवरही येत नाही. म्हणून आम्हा दोघा पायलटांपैकी एकाची नजर सतत बाहेर. अमेरिकेत तर अशा अनेक ठिकाणी रात्री माइकचं बटण ५ सेकंदांत ७ वेळा दाबलं की धावपट्टीचे दिवे पूर्ण उजळतात. गंमतच आहे, पण चालतं.

खरा घोळ डोळे घालतात. रोज ४५ मीटर रुंदीची पट्टी बघायची सवय असते. ३० मीटरची समोर आली की वाटतं, आपण फार वर आहोत. मग हात आपोआप नाक खाली करतो आणि विमान खरोखरच धोकादायक खाली जातं. रात्री आजूबाजूला एकही दिवा नसेल तर आणखी वाईट. अशा वेळी मनाचं ऐकायचं नाही, पापीचे (PAPI, धावपट्टीशेजारचे उतार दाखवणारे) चार दिवे बघायचे: दोन पांढरे, दोन लाल म्हणजे बरोबर, चारही लाल म्हणजे फार खाली. पापी नसेल तर साधं गणित: दर नॉटिकल मैलाला ३०० फूट. तीन मैलांवर साधारण ९०० फूट उंची हवी. ११० नॉट ग्राउंडस्पीडला (जमिनीच्या तुलनेतला वेग) मिनिटाला ५५० फूट उतरायचं.

५०० फुटांपर्यंत वेग, उतार, फ्लॅप (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या) सगळं जागेवर बसलं नसेल तर गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर जायचं. ढगात असू तर हीच हद्द १,००० फूट. यात कमीपणा काही नाही, फक्त इंधन जास्त जातं, आणि ते आधीच भरून घेतलेलं असतं.

अलगद टेकवण्याचा मोह मात्र इथे सोडावा लागतो. त्या वेगात एक सेकंद जास्त तरंगलो की पन्नासेक मीटर पट्टी मागे गेली. म्हणून चाकं ठरलेल्या जागी, जरा ठामपणे टेकवतो. उतरताना एखादे काका म्हणतात, "जरा जोरात आपटलंत हो!" मी हसून "हो" म्हणतो.