बाटली अर्धीच का भरता?

कोल्हापुरातून, राजारामपुरीतल्या एका आईचं पत्र आहे. थोडक्यात असं:

‘मुलगी सातवीत आहे, अनुदानित मराठी शाळेत. शाळेनं “आपल्या अपेक्षा लिहा” म्हणून पालकांना फॉर्म पाठवलाय, खाली दहा ओळी मोकळ्या. आमचे हे म्हणतात, रोबोटिक्स आणि आयआयटीची तयारी लिही. मला वाटतं, सेमी इंग्रजी नीट शिकवावं, पोरीला चार वाक्यं धड बोलता यावीत. वर्गशिक्षकांना विचारलं तर ते म्हणाले, वहिनी, आमची अशैक्षणिक कामं कमी करा एवढंच लिहा. चार दिवस घरात यावरून वाद. शाळाच बदलावी का? लेकीला विचारलं तर “काही नको” म्हणून खांदे उडवते. हल्ली दुपारनंतर तिचं डोकं दुखतं, पण चष्म्याचा नंबर निघाला नाही. पाण्याची बाटली रोज भरलेलीच परत आणते, म्हणून आता मी अर्धीच भरून देते, तेवढंच दप्तर हलकं. घरी आली की “आई, आलो!” करत बुटांसकट बाथरूमकडं पळते, ती एक खोड सोडली तर गुणी आहे. तर फॉर्ममध्ये काय लिहू?’

ताई, दोन कागद पाठपोट भरून लिहिलंत. त्यात रोबोटिक्सला अर्धं पान आणि बाटलीला एक ओळ. मी त्या ओळीपाशीच थांबले.

ती खोड नाही. (आणि पुण्याकडच्या वाचकांनी दचकू नये, आमच्याकडं मुली ‘आलो-गेलो’च म्हणतात.) हिशेब करा. रिक्षामामा दहाला हॉर्न वाजवतात, पोर साडेपाचला घरात येते. साडेसात तास. तेवढा वेळ ती घोटभर पाणी पीत नाही, कारण प्यायलं तर शाळेच्या स्वच्छतागृहात जावं लागेल, आणि तिथं जायचंच नाही असं तिनं ठरवून टाकलंय. डोकं दुखेल नाही तर काय होईल? लघवी तुंबवून संसर्ग होतो, पोट साफ होत नाही, ते वेगळंच. जळजळ होते का, एवढं आज रात्री तिच्या डोक्याला तेल लावताना विचारा. होत असेल तर उद्याच डॉक्टरकडं न्या. तुम्ही डोळे तपासलेत, दप्तराचं वजन पाहिलंत, आणि बाटली अर्धी केलीत!

आवाज चढला माझा, पण यातला निम्मा राग माझ्या स्वतःवरचा आहे. मी एकतीस वर्षं शिकवलं. आमच्या शाळेत शिक्षिकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप असायचं, किल्ली लाकडी ठोकळ्याला बांधून स्टाफरूममध्ये खिळ्याला टांगलेली. मुलींच्या दाराची कडी मात्र तुटलेली. मुली जोडीनं जायच्या, एक आत आणि दुसरी बाहेर दार ओढून धरून. मला वाटायचं, गप्पा मारायला जातात. म्हणून ‘एका वेळी एकीनंच जायचं’ असा नियम मीच काढला, फळ्याच्या कोपऱ्यात लिहूनसुद्धा ठेवला. वर्ष संपताना एक मुलगी म्हणाली, ‘बाई, तुम्ही नियम केल्यापासून मी जातच नाही.’ त्या दिवशी मी पहिल्यांदा मुलींच्या बाजूला गेले. दार एका हातानं धरून ठेवावं लागत होतं, आणि नळ दुसऱ्या टोकाला.

कोल्हापुरात शाळेवर लिहायचं आणि शाहू महाराजांचं नाव घ्यायचं नाही, असं होत नाही. १९१७ साली त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मूल शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड होता. तो आज लावायचा झाला तर त्या वर्षाचे माझे बारा रुपये आधी घ्या.

तेव्हा फॉर्म राहू द्या बाजूला. सोमवारी मधल्या सुट्टीत शाळेत जा. निमित्त काहीही काढा, पण ऑफिसात चहाला बसू नका. सरळ मुलींच्या स्वच्छतागृहात जा आणि ते वापरा. नुसतं डोकावून परत फिरायचं नाही. दार आतून लागतं का, पाणी आहे का, ते घ्यायला मग आहे का, पॅड टाकायला झाकणाचा डबा आहे का, ते बघा. लेकीची पाळी सुरू झाली की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण नसेल तर आज-उद्या होईलच.

तिथून थेट मुख्याध्यापकांकडं. लेकीचं नाव काढायचं नाही, नाहीतर वर्गात तिचंच हसं होईल. ‘सर, मी आत्ता आत जाऊन आले, मला दार लावता आलं नाही,’ एवढंच म्हणा. ते म्हणतील, स्वच्छतागृह आहे की. कागदावर असतंच. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं आणि पिण्याचं पाणी लिहिलेलं आहे, २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यासाठी सहा महिन्यांची मुदतही दिली होती. कडीबद्दल कुणी काही बोललं नाही, ती तुम्ही बोला. त्याच कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण जागा पालकांच्या आणि एकूण निम्म्या बायकांच्या ठेवल्यात. तुमच्या शाळेत त्या बायका कोण आहेत ते विचारून घ्या. निधी नाही म्हणाले तर सुतार तुम्ही घेऊन जा, पैशाचं यजमानांना सांगा, रोबोटिक्सपेक्षा स्वस्तात पडेल.

शाळा बदलायचं म्हणता? जरगनगरच्या महापालिका शाळेत पाडव्याच्या प्रवेशासाठी आईबाप आदल्या रात्रीपासून रांग लावतात, चांगली गोष्ट आहे. पण कुठल्याही शाळेच्या रांगेत ‘आधी मुलींचं स्वच्छतागृह दाखवा’ म्हणणारा पालक मला अजून भेटलेला नाही. नव्या शाळेचंही तेच दार आधी बघा.

वर्गशिक्षकांचं म्हणणं खरं आहे, त्यांची ओळ खुशाल लिहा. पण पहिल्या ओळीवर कडी. रोबोटिक्स आणि इंग्लिश त्याच्या खाली कुठंही बसवा, मला त्यात पडायचं नाही.

आणि कडी बसली की बाटली काठोकाठ भरून द्या.