तेवीस माणसं, सात चुली

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

दिवाळीला कुणाकुणाला भेट द्यायची, ती तुझी यादी वाचली. तेवीस नावं आणि हातात अडीच हजार. खाली विचारलंयस, कार्डावर हप्ते पाडून घेऊ का. नको. दिवाळी पाच दिवसांत उरकते, हप्ते शिमग्यानंतरही चालूच राहतात.

आधी माझी एक फजिती ऐक. मी कायम झालो त्या वर्षी पहिला बोनस हातात आला आणि गावी काकूला भारीची साडी नेली. चारचौघींत तिने ती उलगडून दाखवली, माझी कॉलर ताठ. पाडव्याला आम्ही गेलो तर तिच्याकडून मला पँटपीस-शर्टपीस आणि तुझ्या काकूला तशीच साडी. वर्षभराने चुलतभाऊ सहज बोलून गेला, आईने तेव्हा बचत गटातून पैसे उचलले होते. आपल्याकडे आहेर वहीत लिहून ठेवतात, वही नसली तर डोक्यात. घेतलेलं फेडावं लागतं. तेव्हापासून मी कुणाला काही देताना आधी एवढंच बघतो की हे परत करताना त्या घराला घाम फुटणार नाही ना.

आता तुझी यादी. डोकी मोजू नकोस, चुली मोज. मी मोजल्या, सात भरतात. चुलीमागे एक वस्तू, आणि ती उटणं. विकतचं नाही, तू केलेलं. अर्धा किलो मसूर डाळ कडक उन्हात वाळवून मिक्सरला बारीक कर, पाव किलो मुलतानी माती घाल. काष्ठौषधीच्या दुकानातून कपूरकाचरी, नागरमोथा, वाळा आणि आंबेहळद प्रत्येकी पन्नास ग्रॅम, पूडच माग, कारण वाळा आणि नागरमोथा घरच्या मिक्सरला दाद देत नाहीत. चंदन पावडरीच्या नादी लागू नकोस. त्या भावात मिळतं ते चंदन नसतंच, वास कपूरकाचरीचाच पुरतो. सगळं जुन्या धोतराच्या फडक्यातून वस्त्रगाळ करायचं. चाळणीने भागवलंस तर अंगाला खरखरीत लागेल आणि आत्या तोंडावर सांगेल. एकूण साडेनऊशे ग्रॅम होतं. शंभर-शंभरच्या सात पुड्या बांध, उरलेलं तुझ्या आईला. आणि हे नरक चतुर्दशीच्या आधी पोचलं पाहिजे. अभ्यंगस्नान आटोपल्यावर उटणं घेऊन गेलास तर ते पुढल्या वर्षीपर्यंत फडताळात.

मिठाईचे खोके नेऊ नकोस. सोनपापडीचा खोका आपल्या गावात किती घरं फिरतो ते तुला ठाऊक आहे, त्यातला एखादा तूच पोचवलाही असशील.

पोरं सहा. त्यांना कुंभाराकडचे मातीचे मावळे आण आणि एक पुडी अळीव. फटाक्यांत चारशे रुपये दहा मिनिटांत जातात. मावळे नेलेस की पोरं तुलाही चिखलात ओढतील, तेव्हा एक सकाळ मोकळी ठेव. किल्ल्याच्या ओल्या मातीवर वसुबारसेला अळीव पेरलंस की पाडव्यापर्यंत हिरवंगार होतं. पाणी शिंपडून घालायचं, ओतलंस की बुरूज खचला.

पाच बहिणींची ओवाळणी प्रत्येकी 101, सगळ्यांना सारखी. लाडकी म्हणून एकीला जास्त घातलेस की दिवाळीनंतर फोनवर निघतंच. पाकीट कुणी मोजत नाही म्हणतात, मोजतात रे. सारखं असलं की बोलायला जागा उरत नाही.

आजीसाठी बाजारात जाऊच नकोस. ती गोधडी शिवते आणि सुईत दोरा ओवायला दारावरून जाणाऱ्या पोरांना हाका मारते, हे तूच मला सांगितलं होतंस. सुयांचं पाकीट आणि पांढऱ्या दोऱ्याचं रीळ घे. वीस सुयांत हातभर लांब दोरे ओव, जाड कापडाच्या तुकड्यात एकेक टोच आणि दोरा त्याच सुईभोवती गुंडाळ, नाहीतर सगळा गुंता होईल. संपल्या की पुढच्या फेरीला पुन्हा ओवून द्यायच्या. तिच्या चष्म्याचं मात्र सगळ्या चुलत-आते भावंडांनी मिळून बघा. वर्गणी काढा, एकट्याने अंगावर घेऊ नकोस.

थोरल्या काकांना तुमच्या जुन्या घराचा फोटो. भिंतीवरच्या तसबिरीचा मोबाइलवर नीट फोटो काढ, काचेवर उजेड पडू देऊ नकोस, आणि तीन प्रती छापून घे. धाकट्यांनाही एकेक लागेल, नाहीतर त्यावरूनच धुसफूस.

हिशेब बघ. उटणं सहाशे, ओवाळणी 505, पोरांचे चारशे, फोटो दोनशे, सुया-दोरा शंभर. एकूण 1,805. उरलेल्या 695 ला हात लावायचा नाही, भाऊबीजेनंतर परतीची एसटी आहे आणि पगार त्याच्याही पुढे.

पुडी हातात देताना 'जास्त काही नाही आणलं' हे वाक्य तोंडातून काढू नकोस. नुसतं म्हण, मी केलंय, वास घेऊन बघा.

वाळा तुझ्या बाजूला मिळाला नाही तर रविवारी घरी ये. माझ्याकडे आहे, आणि धोतराचं फडकंही काकूने धुऊन ठेवलंय.

तुझा,
काका