इंजिनाआधी चेसिस ठोकून बघ

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. २०१२ची महिंद्रा थार सीआरडीई (डिझेल इंजिनाची फोर बाय फोर जीप), एक लाख सत्तर हजार किलोमीटर झालेले, सकाळी स्टार्टला पांढरा धूर, चढावर दम नाही, आणि मिस्त्री म्हणतो ‘फुल इंजिन काम’. इंजिनावर तू दोन पानं लिहिली आहेस. चेसिसवर, म्हणजे गाडीच्या खालच्या पोलादी सांगाड्यावर, एक ओळही नाही. गाडी इतके पावसाळे गुहागरला समुद्राजवळ उघड्यावर उभी असते, हे मात्र जाता जाता लिहून गेलास. माझ्या लेखी अख्ख्या पत्रातली महत्त्वाची ओळ तीच.

जुनी फोर बाय फोर ठेवायची की विकायची, हे इंजिनावर ठरत नसतं. इंजिन उघडता येतं, बांधता येतं, त्याचा प्रत्येक भाग सुटा मिळतो. चेसिस कुजली की तिच्यावर बसवलेलं नवंकोरं इंजिनही वाया जातं. म्हणून मिस्त्रीला आठ दिवस थांबायला सांग आणि आधी गाडीखाली जा.

गाडी खालून धुऊन घे आणि दोन दिवस वाळू दे. या दोन दिवसांत कुणालाही खालून काळं कोटिंग मारू देऊ नकोस, त्याखाली सगळं झाकलं जातं. गाडी पिटवर किंवा रॅम्पवर घे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही. हातात लहान हातोडी, जाड पेचकस आणि टॉर्च एवढं पुरे.

सुरुवात मागून कर, जिथे पाट्यांची (पट्ट्यांच्या स्प्रिंगांची) शॅकल, म्हणजे त्यांना धरणाऱ्या कड्या, चेसिसला लटकतात. हातोडीने हलकेच ठोकत पुढे सरक. चांगलं पोलाद टणटण वाजतं. कुजलेल्या जागी आवाज भद्द येतो आणि गंजाचे पापुद्रे खाली पडतात. आवाज बदलला तिथे पेचकस दाबून बघ. रुतला तर तो वरवरचा गंज नव्हे. मग चेसिसच्या पोटातली पाणी निघायची भोकं शोध आणि त्यात तार घाल. कोकणातल्या गाडीत तिथून लाल माती निघते. ही माती चेसिसच्या बंद पोटात महिनोन् महिने ओली राहते, वर खारा वारा. त्यामुळे चेसिस बाहेरून दिसते त्याच्या आधी आतून खाल्ली जाते.

थारला पुढे पाटे नाहीत, टॉर्शन बार आहेत, म्हणजे पिळल्या जाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळया. त्या बारची मागची टोकं ज्या आडव्या मेंबरमध्ये बसतात तो नीट तपास, कारण गाडीच्या पुढच्या भागाचं वजन त्याच्यावर तोललेलं असतं. स्टिअरिंग बॉक्स चेसिसला जिथे बोल्ट केलाय तिथे तडे आहेत का, ते वायर ब्रशने घासून बघ. बॉडी माउंटची रबरं दबलेली असतील तर चिंता नको, ती बदलतात.

तळव्याएवढं एखादं भोक असेल आणि ते या जोडांपासून लांब असेल, तर चांगला वेल्डर कुजका भाग पूर्ण कापून त्याच जाडीची प्लेट बसवू शकतो. कुजक्यावर नुसती पट्टी चिकटवू देऊ नकोस. वेल्डिंगच्या उष्णतेने कडेचा पातळ पत्रा आणखी लवकर जातो. पण शॅकलच्या बुडाशी, टॉर्शन बारच्या मेंबरमध्ये किंवा स्टिअरिंग बॉक्सपाशी भोकं निघाली तर पुढचं काही वाचू नकोस. त्या गाडीवर पैसे घालायचे नाहीत. दोष लेखी सांगून सुट्या भागांच्या भावाने विक, नाहीतर सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात दे. तिथून डिपॉझिटचं प्रमाणपत्र मागून घ्यायचं, नव्या गाडीच्या वेळी ते उपयोगी पडतं.

फ्लोअर, विंडशील्डच्या फ्रेमची खालची कड, दारांच्या बिजागऱ्या, मागच्या चाकांवरच्या कमानी इथे गंज असणारच. मॅट उचल आणि पायाखाली बोट फिरव. पत्राकाम खर्चिक आहे, कंटाळवाणंही आहे, पण होतं. त्याला घाबरून गाडी विकू नये.

आता तुझा पांढरा धूर. थंड इंजिनाचा पांढरा धूर म्हणजे बहुधा न जळलेलं डिझेल. ते न जळण्याचं कारण शंभर रुपयांच्या वायरपासून लाखाच्या कामापर्यंत काहीही असू शकतं, म्हणून स्वस्तापासून सुरुवात. ग्लो प्लग थंड इंजिन स्टार्टला तापवून देतात, त्यांची वायर काढून मल्टिमीटर लाव. चांगला प्लग ओहमभराच्या आसपास रेझिस्टन्स दाखवतो, मेलेला काहीच दाखवत नाही. रिलेतून व्होल्टेज पोचतंय का तेही बघ. त्यानंतर डिझेल फिल्टर बदल आणि जुन्यात पाणी किती निघालं ते पाहून घे.

मग इंजेक्टर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या सोडून प्रत्येकीचं तोंड एकसारख्या पारदर्शक बाटलीत सोड, पंपाकडे जाणारं रिटर्नचं तोंड बंद कर, आणि इंजिन दोन-तीन मिनिटं आयडलला चालव. चारही बाटल्यांत डिझेल साधारण सारखं चढलं पाहिजे. एका बाटलीत दुप्पट-तिप्पट आलं तर तो इंजेक्टर आतून गळतोय, रेलमध्ये (चारही इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीत) दाब बनत नाही, आणि स्टार्टिंगचा त्रास तिथूनच आहे. हे करताना दाबाच्या लोखंडी पाइपांना हात लावायचा नाही. चालू इंजिनात तिथलं डिझेल कातडी भेदून आत जातं आणि ती जखम दिसते त्याहून फार वाईट असते. नवा इंजेक्टर घेतलास तर त्याच्यावरचा कोड ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, भरून घेतला का, हे स्कॅनरवर स्वतः बघ. पुष्कळ गॅरेजवाले हे टाळतात आणि नवीन इंजेक्टर घालूनही गाडी खडखडत राहते.

चढावर दम नसण्याचं कारण निराळं असू शकतं. टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारे रबरी पाइप काढून वाकवून बघ. चीर असेल तर तिथे तेलकट ओल असते आणि ॲक्सिलरेटर दिल्यावर सूं आवाज येतो. क्लचही बघ. सपाट जागी हँडब्रेक घट्ट लाव, तिसरा गिअर टाक, क्लच हळू सोड. इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच ठीक. ते आरामात फिरत राहिलं तर प्लेट गेली आहे.

एवढं सगळं झाल्यावरच कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते. ग्लो प्लगच्या जागी गेज लावून चारही सिलिंडर मोजायला सांग आणि आकडे कागदावर घे. सिलिंडरांमध्ये दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर हेड गॅस्केटचा संशय घ्यायचा. चारही कमी आहेत, ऑइलचं झाकण उघडल्यावर भकाभका वाफ मारते आणि निळा धूर आहे, असं असेल तरच रिंग-पिस्टन. तेव्हा मिस्त्रीचं म्हणणं खरं. कॉम्प्रेशनचा आकडा हातात नसताना ‘फुल इंजिन काम’ला होकार देऊ नकोस, इतकं तरी माझं ऐक.

फोर बाय फोर कच्च्या रस्त्यावर तपास, डांबरावर नाही. डांबरावर पुढची-मागची चाकं वळणात वेगवेगळं अंतर कापतात, त्यांना घसरायला जागा मिळत नाही आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर, येतो. ४एलमध्ये (चारही चाकांच्या कमी वेगाच्या, जास्त जोराच्या गिअरमध्ये) चढ चढताना लिव्हर सटकत असेल तर ट्रान्सफर केस उघडावी लागेल, ते मोठं काम. लिव्हर नीट बसते पण पुढची चाकं ओढत नाहीत, तेव्हा आधी व्हॅक्यूमच्या रबरी नळ्या बघ. वाळून चिरलेली नळी पुष्कळदा एवढ्या घोळाला पुरते. पुढच्या-मागच्या ॲक्सलमधल्या दोन्ही डिफरन्शिअलचं ऑइल काढून बघ. दुधाळ असेल तर पाणी गेलंय, ब्रीदर (हवा जाण्यायेण्याची वाट) तुंबलेला असणार. ऑइल काढायच्या प्लगवर राखाडी मलम चालतं, कपच्या चालत नाहीत. ब्रेक, बुश, बॉल जॉइंट, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस यांचा खर्च एकत्र धर, ही झीज नेहमीचीच.

आता कागद. तुझ्या गाडीची पंधरा वर्षं २०२७ला भरतात. दिल्लीतल्या जुन्या डिझेल गाड्यांवरच्या बंदीच्या बातम्या वाचून घाबरू नकोस. महाराष्ट्रात पंधरा वर्षांनी खासगी डिझेल गाडी आपोआप बाद होत नाही. फॉर्म २५ भरून, तपासणी करून पाच वर्षांसाठी नोंदणीचं नूतनीकरण होतं. मुदत संपायच्या आधीच्या साठ दिवसांत अर्ज कर. १ एप्रिल २०२२ला मोटारीसाठी हे शुल्क ५,००० रुपये झालं, पर्यावरण कर वेगळा. तपासणीआधी बुलबार आणि अवाढव्य टायर काढ. आरसीत नोंद नसलेले बदल तिथे अडकतात. गाडी एप्रिल २०१९ पूर्वीची असल्याने एचएसआरपी नंबरप्लेट लागतेच.

हिशेब मांडताना दुरुस्तीचा आकडा गाडीच्या आजच्या किमतीशी ताडून बघायचा नाही. सगळे तीच चूक करतात. समज, चेसिसला रंग, दोन इंजेक्टर, क्लच आणि पत्रा मिळून दीड लाख झाले आणि गाडी निर्धास्त पाच वर्षं चालणार आहे. म्हणजे वर्षाला तीस हजार. विकून दुसरी घेतलीस तर पाच वर्षांत वरचे पैसे, व्याज आणि विमा मिळून वर्षाला किती पडतात ते याच्या शेजारी लिही. शिवाय तुला ४एल खरंच लागतं का? बागेत आंब्याच्या पेट्या आणायला चिखलाची वाट असेल तर लागतं. वर्षातून दोनदा घाटावर जायचं असेल तर नाही, आणि मग चांगल्या अवस्थेतली थार आजच विकणं शहाणपणाचं. नूतनीकरणाच्या तोंडावर भाव पडतो.

विकलीस तर फॉर्म २९ आणि ३० दोघांच्या सह्यांनी भरून आरटीओत नाव बदलेपर्यंत पाठपुरावा कर. कोऱ्या फॉर्मवर सही करून एजंटाला देऊ नकोस. आरसीवर नाव तुझं असेपर्यंत अपघाताची भरपाई तुझ्यावर येऊ शकते, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हे स्पष्ट केलं आहे. कर्जाचा बोजा आरसीवर राहिला असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ आधी.

रविवारी हातोडी घेऊन गाडीखाली जा. मागच्या दोन्ही शॅकलचे आणि टॉर्शन बारच्या मेंबरचे फोटो जवळून काढ, पेचकस टेकवून. ते पाठव, चार बाटल्यांचा फोटोही पाठव. कॉम्प्रेशनचं मग बघू.

तुझा,
काका